एका पट्टीवरचं गाव

सत्तरच्या दशकात आमच्या कोल्हापूरकडच्या खेड्यांत शाळा म्हणजे जिल्हा परिषदेचं विद्यामंदिर. शेणानं सारवलेल्या जमिनीवर तरटाची पट्टी, आणि तिच्यावर पाटलांचा नातू, सुताराचा पोरगा, शेतमजुराची लेक, सगळी मांडीला मांडी लावून. शनिवारी मुलींनी सारवायचं, मुलांनी पाणी आणायचं. पावसाळ्यात छप्पर गळायचं, पण फार दिवस नाही. पाटील स्वतः माणसं लावून कौलं शाकारून घ्यायचे. नातू भिजत होता ना!

ती पट्टी आपोआप अंथरली गेली नव्हती. रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाची मुलं शिकतात, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं मांडलं होतं. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं; मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. दोनच वर्षांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम निघाला.

पुढं गावोगाव सेवा सोसायट्या, दूध संस्था, साखर कारखाने उभे राहिले. त्यांची खतावणी लिहायला माणसं कुठून आली? याच शाळांतून सातवी पास झालेली पोरं सोसायटीचे सचिव झाली, दुधाची फॅट मोजू लागली. काट्यावरची पावती वाचणारा शेतकरी समोर उभा राहिला, की वजन मारणाऱ्याचा हात आखडायचा. बापाला अंगठा उठवताना पाहिलेलं पोरगं तलाठ्याकडं सातबाऱ्याची नक्कल मागू लागलं. ज्यांच्या घरात कुणी शिकलं नव्हतं, त्यांनाही याचा लाभ झाला. हिशेब चोख राहिला की ऊसबिल सगळ्यांचंच चोख येतं.

तो काळ सोन्याचा होता असं मात्र नाही. छडी होती. चौथी झाली की कितीतरी मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसायच्या. एकदा नापास झालेलं पोरगं गुरांमागं जायचं ते कायमचं.

आज त्याच शाळेत फरशी आहे, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे, वर्गात टीव्ही आहे. पुस्तकं फुकट मिळतात, दुपारी गरम खिचडी असते. गावातल्या मुली बारावी करून नर्सिंगला जातात. पण सकाळी पिवळी बस येते आणि पाटलांचा पणतू तिच्यात बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेला जातो. त्याच्या मागोमाग सुताराचा नातूही जातो, फीसाठी पतसंस्थेचं कर्ज काढून. विद्यामंदिराचा पट घटतो, पटाबरोबर शिक्षक घटतात. आणि गुरुजींची जागा वर्षभर रिकामी का, हे ग्रामसभेत विचारणारा वजनदार आवाज आता उठत नाही. ज्यांचं ऐकलं जातं त्यांची मुलं तिथं नाहीत, ज्यांची मुलं तिथं आहेत त्यांचं ऐकलं जात नाही.

पाटलांच्या पणतूला लस टोचणारी नर्स, त्याच्या घरची वीज जोडणारा वायरमन, दूध संस्थेतला हिशेबनीस हे उद्याही याच शाळेतून यायचे आहेत. मूल तिथं घालायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. शाळा नीट चालते का, हे पाहणं मात्र बसमागं हात हलवणाऱ्यांच्याही फायद्याचं आहे; ग्रामसभेला त्यांनीही यायला हवं.