मासवडीचे पान

पुणे-नाशिक महामार्गावर राजगुरुनगर मागे पडले की आंबेगाव तालुक्यातील मंचर लागते आणि पुढे जुन्नर तालुक्यातील नारायणगाव व आळेफाटा. घोड, मीना आणि कुकडी या नद्यांच्या पाण्यावर कांदा, टोमॅटो, ऊस आणि द्राक्षे पिकविणारा हा पट्टा जैन व्यापारी कुटुंबांना प्रामुख्याने बाजारपेठ म्हणून परिचित आहे. परंतु प्रदेशाची खरी ओळख त्याच्या पानावर होते, आणि या पानावरचा मानाचा पदार्थ म्हणजे मासवडी. रस्त्यालगतच्या खानावळींच्या फलकांवर हे नाव ठळकपणे झळकते. आणि नेमके त्या नावामुळेच अनेक जैन प्रवासी गाडी न थांबवता पुढे जातात.

वस्तुतः मासवडीत मासा कोठेही नाही. मसाल्याच्या पाण्यात बेसन घट्ट शिजवून ते ओल्या फडक्यावर पातळ थापतात. त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, खसखस, कांदा, लसूण आणि कोथिंबीर यांचे सारण पसरून फडक्याच्या साहाय्याने गुंडाळी करतात. दाबून घेतलेल्या गुंडाळीचा आकार माशासारखा दिसतो, म्हणून हे नाव. वड्या कापून त्या झणझणीत रश्श्याबरोबर आणि बाजरीच्या भाकरीबरोबर वाढतात. घरी पाहुणा आला की मासवडी करावी, अशी येथील रीत आहे. म्हणूनच ती नाकारणे म्हणजे केवळ एक पदार्थ नाकारणे नव्हे. यजमानाच्या मनाला ते लागते.

मंचरच्या बाजारातील एक जैन आडते आणि नारायणगावकडील त्यांचे शेतकरी मित्र यांचा व्यवहार जवळजवळ तीस वर्षांचा. मालाच्या वजनाविषयी वा हिशेबाविषयी दोघांत कधी शब्द झाला नाही. मात्र इतक्या वर्षांत ते एका पंक्तीला कधी बसले नव्हते. लग्नकार्यात शेठजींनी अक्षता टाकाव्यात, चहा घ्यावा आणि निघावे. मित्रानेही कधी आग्रह केला नाही. पण खंत होतीच. अखेर मागील मार्गशीर्षात शेतकरी मित्राने ओळखीच्या एका खानावळीत आदल्या दिवशी निरोप दिला आणि मग शेठजींना म्हणाले, “शेठ, तुम्ही नियम सांगा, पाळायचं आमच्याकडं लागलं.”

नियम सांगितले गेले. कांदा, लसूण, आले, बटाटा नको. बहुबीज म्हणून खसखस नको. वड्या त्याच दिवशी केलेल्या हव्यात. भांडी आणि पाटा-वरवंटा वेगळे, पाणी गाळलेले. आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले पाहिजे. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी सर्व ऐकून एकच शंका काढली, “लसूण नाही, तर चव कशानं यायची?” उत्तर त्यांनी स्वतःच शोधले. हिंग, जिरे, सुंठ आणि चांगले भाजलेले खोबरे यांवर त्यांनी रस्सा उभा केला. फाल्गुन चौमासीनंतर तीळ वर्ज्य मानणाऱ्या कुटुंबांनी सारणात शेंगदाण्याचा कूट घालावा. या दिवसांत तो प्रश्न नव्हता. पानावर ताकाची वाटी आली, तेव्हा शेठजींनी ती हलकेच बाजूला ठेवली. बेसन कडधान्याचे, त्याबरोबर न तापविलेले ताक घेतल्यास द्विदलाचा दोष लागतो, हे त्यांनी मित्राला समजावून सांगितले. मित्रानेही आपली वाटी परत पाठविली. लसणाशिवाय मासवडी अपुरी लागते, हे सांगायलाही तो विसरला नाही. मात्र दोघांनी पुन्हा भाकरी मागून घेतली.

हा अनुभव विचारात पाडणारा आहे. जैन घरांतील तरुण आज पुण्याच्या इटालियन उपाहारगृहात निःसंकोचपणे ‘जैन पास्ता’ आणि ‘जैन पिझ्झा’ मागतात, आणि तो मिळतोही. वस्तुतः इटलीतील पाककृतीही प्रांताप्रांतांच्याच आहेत, आणि त्यांतही विचारण्याजोगे पुष्कळ आहे. पार्मा परिसरातील सुप्रसिद्ध पार्मिजानो रेजानो या चीजसाठी दूध विरजताना वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात. केवळ कांदा-लसूण वगळल्याने असा पदार्थ जैन ठरत नाही. दूरदेशीच्या अन्नाविषयी जो प्रश्न मोकळेपणाने विचारला जातो, तो शेजारच्या अन्नाविषयी मात्र विचारलाच जात नाही.

जुन्नरला तर परक्यांच्या पंक्तीची परंपरा जुनी आहे. कोकणातील बंदरांतून आलेला माल नाणेघाट चढून येथे येई. शिवनेरीच्या बौद्ध लेण्यांतील एका शिलालेखात, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दान दिल्याची नोंद आहे. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेला परदेशी. याच परिसरातील दुसऱ्या लेखात धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याचा उल्लेख आहे. मानमोडी डोंगरावरील अंबा-अंबिका लेण्यांत पुढील काळात जैन मूर्तीही कोरल्या गेल्या. दोन सहस्र वर्षांपूर्वी परमुलखातील माणसाने येथे भोजनाची जागा बांधून द्यावी आणि व्यापाऱ्यांनी पाण्याची सोय करावी, ही या गावाची पूर्वपीठिका.

लेण्याद्री किंवा शिवनेरीच्या यात्रेस निघणाऱ्या कुटुंबांनी म्हणूनच एक गोष्ट अवश्य करावी. घरचा डबा बरोबर असू द्यावा. तथापि आदल्या दिवशी एखाद्या खानावळीला निरोप देऊन, आपले नियम स्पष्ट सांगून, दिवस असतानाच मासवडी करवून घ्यावी. शक्य असल्यास त्या भागातील एखाद्या मित्राला सोबत घ्यावे. नियम मोडून मित्राला खूश करणे योग्य नव्हे, आणि नियमांच्या आडून त्याचे आतिथ्य टाळणेही योग्य नव्हे. आपला नियम समजावून सांगण्याइतका विश्वास मित्रावर टाकला, तर तो पाळण्याची काळजी बहुधा तोच अधिक घेतो.