टिकेल तेवढाच वेग

प्रत्येक यंत्राला कारखान्यातून एक वेग ठरवून मिळतो. तेवढ्यावर समाधान मानणारी माणसं वेगळी आणि त्यापुढे किती जाता येईल ते पाहणारी वेगळी. आम्ही दोघं भाऊ दुसऱ्या प्रकारातले. सोलापुरात लग्नांचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. निकाह असो की हळदी-अक्षता, सगळी फिल्म एका सेकंडहँड लॅपटॉपवर तयार होते. त्यातलं ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं जीटीएक्स ९६०एम. टेबलावरच्या कॉम्प्युटरमधलं कार्ड काढून दुसरं बसवता येतं. लॅपटॉपचं मात्र बहुतेक वेळा मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेलं असतं. ते बदलायचं म्हणजे अख्खा लॅपटॉप बदलायचा. तेवढी ऐपत नव्हती. म्हणून आहे त्याच कार्डाचा वेग वाढवण्याच्या, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच्या, मागे आम्ही लागलो.

या चिपचा मूळ वेग १०९६ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला जवळपास ११० कोटी ठोके. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन चिपाही तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून कंपनी सगळ्यांना झेपेल असा वेग ठरवते आणि थोडी जागा राखून ठेवते. कुठल्या चिपमध्ये ती जागा किती, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

अब्बांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांची उमर यंत्रमागावर जॉबरचं काम करण्यात गेली. मालकाला जास्त कापड हवं असलं की मोटरची पुली बदलून माग पळवायचा. पण उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की सूत जास्त तुटतं आणि दर तुटीला माग थांबतो. दिवसाअखेर कापड मोजावं तर आधीपेक्षा कमीच भरतं. आमचा उद्योग पाहून ते एवढंच म्हणाले, "रफ्तार बढाना आसान है बेटा, धागा टिकाना मुश्किल."

वेग वाढवणं खरोखरच सोपं. एमएसआय आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्रॅममध्ये एक पट्टी सरकवली की झालं. सगळी मेहनत तपासणीत आहे. आधी आम्ही पंख्यातली धूळ काढली आणि चिपवरची वाळलेली पेस्ट बदलली. मग मूळ वेगावरच तपासणी केली, कारण ती केली नाही तर पुढे दिसलेला दोष जुना की नवा हे सांगता येत नाही. त्यानंतर एका वेळी १० ते १५ मेगाहर्ट्झ, त्याहून जास्त नाही. चिप आणि मेमरी दोन्ही एकदम कधीच वाढवायच्या नाहीत. प्रत्येक पायरीला हेवन ही चाचणी अर्धा तास चालू ठेवायची.

चिपला झेपेनासं झालं की पडदा क्षणभर काळा होतो आणि डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडून पुन्हा सुरू झाल्याचं विंडोज कळवतं. कधी सगळंच गोठतं. मेमरीवर ताण आला की रंगीत ठिपके आणि चौकटी दिसतात. पण या कार्डातली जीडीडीआर५ जातीची मेमरी फसवी. ती चूक पकडते आणि तोच मजकूर पुन्हा पाठवते. पडदा स्वच्छ राहतो, फक्त चाचणीचे गुण वाढायचे थांबतात, मग उतरू लागतात. म्हणून प्रत्येक पायरीचे गुण आणि तापमान आम्ही वहीत लिहून ठेवत गेलो.

लॅपटॉपचं दुसरं दुखणं उष्णतेचं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप अनेकदा तांब्याच्या एकाच नळीवर आपली उष्णता सोडतात. नुसत्या ग्राफिक्सच्या चाचणीत पास झालेला आकडा फिल्म तयार करताना, दोघंही तापलेले असताना, टिकेलच असं नाही. शिवाय जानेवारीच्या रात्रीचा आकडा मे महिन्यात चालत नाही. सोलापुरात पारा ४२ च्या वर जातो. खोलीच तापलेली असली की पंखा गरम हवाच फिरवतो आणि चिप स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवते.

२०१५ च्या फेब्रुवारीत एनव्हिडियाने नव्या ड्रायव्हरमध्ये लॅपटॉप कार्डांचं ओव्हरक्लॉकिंगच बंद केलं होतं. लॅपटॉपची रचना ठरावीक उष्णतेसाठी असते, हा त्यांचा मुद्दा. विकत घेतलेल्या वस्तूचं काय करायचं ते आम्ही ठरवू, हा ग्राहकांचा. गिल्ला झाल्यावर कंपनीने ही सोय परत द्यायचं कबूल केलं. आम्हाला दोन्ही बाजू पटतात. मुभा मालकाला असावी, पण मग तपासणीची जबाबदारीही त्याचीच.

आमची जबाबदारी तर जास्तच. गेममध्ये एखादा ठिपका चमकून गेला तर कुणाचं काही बिघडत नाही. लग्नाच्या फिल्ममध्ये तो नवरीच्या चेहऱ्यावर उमटला तर ते लग्न पुन्हा होणार नाही. म्हणून आम्ही आमचीच एक परीक्षा ठरवली. एकच तुकडा दोनदा तयार करायचा, एकदा मूळ वेगावर आणि एकदा वाढवलेल्या वेगावर, दोन्ही वेळा न दाबता. मग एकावर दुसरा ठेवून फक्त त्यांच्यातला फरक पडद्यावर आणायचा. सगळं बरोबर असेल तर नुसता काळोख दिसतो. १२० मेगाहर्ट्झ वाढवल्यावर हेवनमध्ये कार्ड तासभर बिनतक्रार चाललं होतं. या परीक्षेत मात्र काळोखात एके ठिकाणी ठिणगी चमकली. मशीन बंद पडलं नव्हतं, इशारा आला नव्हता. पण एक फ्रेम चुकली होती.

आता हिवाळ्यात आम्ही ७५ मेगाहर्ट्झ वाढवतो, कारण तेवढ्यावर काळोख काळोखच राहतो. उन्हाळ्यात वाढ शून्य. हिशेब केला तर ७५ म्हणजे जेमतेम सात टक्के. दोन तासांच्या कामात फार तर सात-आठ मिनिटं वाचतात. नवरीच्या बापाला मेगाहर्ट्झ ठाऊक नसतात. फिल्म आठ मिनिटं उशिरा मिळाली तर तो काही बोलणार नाही. बिदाईच्या वेळचा लेकीचा चेहरा तेवढा त्याला स्वच्छ दिसला पाहिजे.