बदलीचा माणूस

बदली म्हणजे काय, हे बँकेतल्या कारकुनाला कोणी शिकवू नये. पण ट्रान्झिस्टरच्या बदलीने मलाही घाम फोडला. ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ नव्हे हं, पोटातला तीन पायांचा किडा!

वडिलांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एसी १८७ आणि एसी १८८ ही जर्मेनियमची जोडी. एक एनपीएन, दुसरा पीएनपी. स्वभाव उलटे, पण संसार एकत्र. त्यातला एक गेला. हा माल निघायचा केव्हाच बंद झालेला. डोंबिवली पालथी घातली, ठाणे झाले, शेवटी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड आणि लॅमिंग्टन रोड. एकाने ‘ओरिजिनल’ म्हणून दाखवला, त्यावरचा नंबर इतका ताजा की बोटाला शाई लागावी. अशी नोट काउंटरवर आली असती तर मी सरळ साहेबांकडे धाडली असती.

पलीकडचे म्हातारे मेकॅनिक म्हणाले, “सिलिकॉनची जोडीच घाला. पण जर्मेनियम ०.२ व्होल्टला जागा होतो, ह्याला ०.६ लागतात. बायस वाढवला नाहीत तर मोठा आवाज ठीक, हळू आवाज फाटेल.”

इथेच तर पंचाईत! वडील गाणे ऐकतात रात्री अकरानंतर, भिंतीपलीकडच्यांची झोप मोडू नये इतके हळू.

मेकॅनिकांनी रेझिस्टर बदलला, जोडी बसवली. रात्री आलाप लागला. वडील डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “हं. नवीन आहे. रुळेल.”