आपला वर्ग सापडेना!

गेल्या सप्टेंबरात वर्गाच्या पहिल्या रविवारी एक नवी आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. नाव नोंदवताना मी सहज विचारले, "आमची वेबसाइट बघून आलात का?"

"छे हो! दोन वर्षे गूगलवर शोधत होते. लांबलांबचे वर्ग सापडले, तुमचा काही दिसला नाही. परवा इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर घ्यायला गेले, तिथे फळ्यावर तुमच्या अंकाची झेरॉक्स लावलेली दिसली."

त्यांचे घर वर्गापासून तीन मैलांवर. मग त्या हळूच म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी ही आजीशी फोनवर मराठीत गप्पा मारायची. आता नुसते 'हो' आणि 'नाही' उरले आहे."

मला अगदी ओशाळल्यासारखे झाले. कारण वर्गाची वेबसाइट मीच केलेली. वीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस मी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या रात्री जेवण झाल्यावर तपासायला बसलो. जे सापडले ते इथे लिहितो आहे, कारण आपल्यापैकी अनेकांची स्वतःची वेबसाइट आहे. कुणाचा डब्यांचा व्यवसाय, कुणाची नृत्यशाळा, कुणाचा टॅक्सचा सल्ला. माझ्या चुका तुमच्या उपयोगी पडाव्यात.

मुलांनो, आधी तुमच्यासाठी. गूगल म्हणजे एक प्रचंड मोठे ग्रंथालय समजा. पुस्तक तुमच्या हाती पडायचे तर तीन गोष्टी व्हाव्या लागतात. पुस्तक ग्रंथालयात यायला हवे, त्याची यादीत नोंद व्हायला हवी, आणि तुम्ही मागाल तेव्हा ग्रंथपालाने नेमके तेच काढून द्यायला हवे. सर्च इंजिनही हेच करते. त्याचा प्रोग्रॅम एका पानावरून दुसऱ्या पानावर फिरतो, पाने वाचून नोंदी करतो, आणि कुणी शोधले की त्यातली योग्य वाटतील ती पुढे मांडतो.

आपले पुस्तक यादीतच नव्हते! वेबसाइट अर्धवट असताना ती कुणाला दिसू नये म्हणून मी एका चौकोनात खूण केली होती, 'सर्च इंजिनने नोंद घेऊ नये' अशी. काम संपल्यावर ती काढायची राहून गेली. म्हणजे दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी लावून मी पाहुण्यांची वाट बघत बसलो होतो. तुमची वेबसाइट तपासायची असेल तर गूगलमध्ये इंग्रजीत 'साइट' हा शब्द, मग कोलन, आणि मध्ये जागा न सोडता वेबसाइटचा पत्ता लिहा. एकही पान आले नाही तर काहीतरी अडले आहे असे समजा. गूगलचे सर्च कन्सोल नावाचे साधन फुकट आहे. कोणते पान नोंदले गेले नाही आणि का, ते त्यात कळते.

दुसरी चूक. वर्गाची वेळ, पत्ता, फी, सगळे एका सुंदर चित्रात लिहिले होते. माणसाला ते वाचता येते. यंत्राला चित्रातला मजकूर नीट वाचता येईलच असे नाही. तेव्हा महत्त्वाची माहिती नेहमी अक्षरांत लिहावी, आणि चित्र असेल तर त्यात काय आहे ते त्याच्या वर्णनाच्या जागी एका ओळीत द्यावे. दृष्टी नसलेल्यांना संगणक ती ओळ वाचून दाखवतो, हा त्याहून मोठा फायदा.

तिसरी चूक खास मराठी माणसाची. आपले जुने अंक जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले होते. पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या पोटात असते भलतेच इंग्रजी अक्षर. फाँट काढून घेतला की उरतो नुसता गोंधळ, आणि सर्च इंजिनला तोच दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. ही सोय १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तपासणी सोपी आहे. एक ओळ कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवा. मराठी राहिली तर ठीक, नाहीतर पुन्हा टाइप करणे आले. आपले चौदा अंक चार पालकांनी वाटून घेऊन टाइप केले. त्यांचे मनापासून आभार.

चौथी चूक. आपल्या पहिल्या पानाचे शीर्षक होते नुसते 'मुखपृष्ठ'. असली मुखपृष्ठे जगात किती असतील! आता तिथे 'मराठी वर्ग' हे शब्द, गावाचे नाव आणि 'ओहायो' आहे. प्रत्येक पानाला वेगळे, खरे शीर्षक द्यावे. शीर्षकात कोणते शब्द घालायचे ते आपल्या मुलांनीच सांगितले. मोठ्या गटाला मी विचारले, "तुम्हाला आपला वर्ग शोधायचा असता तर काय टाइप केले असते?" बहुतेकांनी इंग्रजीत 'मराठी क्लास' आणि गावाचे नाव लिहिले. 'भाषासंवर्धन' कुणीही लिहिले नाही, आणि आपल्या पानावर तोच शब्द सात वेळा होता! लोक जे शब्द वापरतात ते आपण लिहावे, आणि मराठी व इंग्रजी दोन्हींत लिहावे.

मात्र तेच शब्द पन्नास वेळा कोंबू नयेत. पूर्वी लोक पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवत. ती लबाडी आता पकडली जाते आणि वेबसाइट उलट मागे जाते. शब्दांची लपवलेली यादी देण्याचीही एक जागा असते. गूगल क्रम लावताना ती बघत नाही, हे त्यांनी २००९ सालीच जाहीर केले आहे. 'पहिला नंबर लावून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. तशी हमी कुणालाच देता येत नाही.

शेवटची गोष्ट ओळखीची. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गूगल कंपनी काढली, तिच्या मुळाशी एक साधा विचार होता. ज्या पानाकडे इतर चांगली पाने बोट दाखवतात ते पान महत्त्वाचे. आपण मराठी मंडळाला आणि गावच्या वाचनालयाला विनंती केली. दोघांनीही आपला दुवा दिला.

मग धीर धरावा लागतो. काही आठवडे जातात. जानेवारीत एक कुटुंब आले. मी नेहमीचा प्रश्न विचारला. "गूगलवर सापडलात," असे उत्तर आले तेव्हा चहा जरा जास्तच गोड लागला!

आणि ती नऊ वर्षांची मुलगी? मागच्या महिन्यात तिने आजीच्या थालीपिठावर पाच वाक्ये लिहिली. आपण ती वेबसाइटवर लावली, आणि तिने ती फोनवर आजीला वाचून दाखवली. तिची आई सांगत होती, मधे दोनदा अडखळली, पण इंग्रजीत गेली नाही.

ती दोन वर्षे मात्र मला परत देता येणार नाहीत. म्हणून पालकांनो, आज घरी गेल्यावर आपापली वेबसाइट एकदा शोधून बघा. आणि मुलांनो, पुढच्या रविवारी प्रत्येकाने पाच वाक्ये लिहून आणा. टाइप मी करीन, युनिकोडमध्येच!