देवणीचा ओस वाडा आणि पुरलेलें धन

उदगीरहून दक्षिणेस निघालें म्हणजे थोड्या मैलांवर देवणी लागते. या गांवाचें नांव महाराष्ट्रांत ज्यांस ठाऊक आहे त्यांपैकीं बहुतेकांस तें गाईबैलांमुळें ठाऊक असतें. देवणी जातीचें जनावर एकदां पाहिलें म्हणजे विसरत नाहीं. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके विखुरलेले असले तर तो शेवेरा, अंग पांढरें पण तोंडाच्या बाजू काळ्या असल्या तर तो वानेरा, आणि नुसताच स्वच्छ पांढरा तो बालंक्या, अशीं तीन नांवें तेथील शेतकरी चटकन् सांगतो. बैल नांगरास दमदार व गाय दुधास बरी, अशी ही दोन्हीं कामें देणारी जात आहे. आम्ही या बाजूस गेलों तें मात्र जनावरें पाहण्यासाठीं नव्हे. आमच्या एका स्नेह्यांचा वडिलोपार्जित वाडा या तालुक्यांतील एका खेड्यांत ओस पडला आहे, आणि त्यांच्या हैदराबादेस राहणाऱ्या पुतण्यानें तेथें जमिनींतील धातु शोधणारें यंत्र आणलें आहे असें कळल्यावरून, केवळ कुतूहलानें आम्ही त्यांच्याबरोबर निघालों.

या मुलखांत जमिनीखालीं धन असेल असें लोकांस वाटावें यांत नवल कांहींच नाहीं. उत्तरेस उदगीरचा किल्ला, आग्नेयेस बीदरची राजधानी आणि मधून मांजरेचें खोरें. फौजांची ही जणूं ठरलेली वाट होती. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं सदाशिवरावभाऊंनीं उदगीरच्या मोहिमेंत निजामास नमविलें, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनीं त्या लढाईंत आपलें नांव केलें, आणि सुमारें साठ लाखांचा मुलूख पेशव्यांकडे आला. इतिहासाच्या पुस्तकांत येथपर्यंतच लिहिलेलें असतें. पण ज्या गांवांवरून त्या दोन्ही फौजा गेल्या तेथील कुणब्यानें, सावकारानें व जोशी-कुलकर्ण्यानें त्या रात्रीं काय केलें असेल याची कल्पना करणें अवघड नाहीं. पेढी नाहीं, तिजोरी नाहीं. घरची जमीन हीच काय ती विश्वासाची जागा. चुलीखालीं, देवघराच्या पायरीशीं, गोठ्यांत दावणीखालीं तांब्याची चरवी पुरावयाची, वर शेणानें सारवावयाचें आणि घरांतील एकाच वडील माणसास ठिकाण सांगून ठेवावयाचें. हीच पद्धत फार अलीकडेपर्यंत चालू होती. १९४७-४८ सालीं रझाकारांच्या भयानें मराठवाड्यांतील कितीतरी कुटुंबें सरहद्दीपलीकडे निघून गेलीं, तेव्हां अंगावर नेतां येईना तें जमिनीच्या स्वाधीन करून गेलीं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर बहुतेकांनीं परत येऊन आपापलें उकरून घेतलें. ज्या घरांत ठिकाण ठाऊक असलेलें माणूस परत आलें नाहीं, त्या घरांत गोष्ट तेवढी राहिली.

आमच्या स्नेह्यांचा वाडा असाच एका गोष्टीनें पछाडलेला आहे. मोठा दिंडीदरवाजा, त्याच्या आंत दोहों बाजूंस ढेलज, मग चौक, चौकाच्या भोंवतीं लाकडी खांबांचे सोपे, वर मातीचें जाड माळवद. भिंती दोन हातांहून रुंद. त्यांच्या पोटांत धान्याचीं बळदें. मागच्या अंगास गोठा, आड आणि ज्वारीचें पेंव. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटें किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हां अशाच दगडमातीच्या भिंतींनीं व माळवदांनीं निजलेल्या माणसांस गाडलें. सुमारें आठ हजार माणसें गेलीं. त्यानंतर या भागांत जुन्या वाड्यांविषयीं लोकांच्या मनांत जी धास्ती बसली ती अजून गेलेली नाहीं. आमच्या स्नेह्यांचा वाडा पडला नाहीं, पण त्यांत रात्रीं निजावयास कोणी धजेना. कुटुंब आधींच लातूर, पुणें आणि हैदराबाद असें तिन्ही दिशांस पांगलेलें होतें. वाड्यास कुलूप लागलें तें लागलेंच.

कुलूप लागल्यावर गोष्ट वाढूं लागली. पणजोबांनीं हाली रुपयांचा हंडा पुरला होता, इतकेंच मूळचें कथानक. पुढें हंड्यांचे सात झाले, रुपयांच्या अशरफ्या झाल्या, रात्रीं साखळ्या वाजूं लागल्या, आणि अर्थात् एक नागही राखणीस आला. गांवकऱ्यांस या गोष्टींत गंमत वाटते. वाड्याच्या वारसांस मात्र तिच्यामुळें जें सोसावें लागलें तें गमतीचें नाहीं. माळवदावरची माती दर पावसाळ्यापूर्वीं नवी घालावी लागते. पण एका भावानें ती घालावयास माणसें पाठविलीं कीं दुसऱ्यास शंका यावयाची, हा दुरुस्तीच्या निमित्तानें खणतो आहे कीं काय? चार चुलतभाऊ, कोणी वाईट नव्हे, सर्व शिकलेसवरलेले. तरी न दिसलेल्या एका हंड्यापायीं वीस वर्षें कोणी कौल बदलला नाहीं कीं तुळईस टेकू दिला नाहीं. आम्ही गेलों तेव्हां सोप्याचे दोन खण खालीं बसले होते. वाटणीचा दावा मात्र उभा होता.

आतां त्या यंत्राविषयीं. लांब दांडा, खालीं थाळीएवढें वेटोळें, वर लहानशी पेटी आणि कानास लावावयाचे श्रवणयंत्र. वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणारा विजेचा प्रवाह सोडला म्हणजे भोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. त्या क्षेत्रांत धातु आली कीं तिच्यांतही प्रवाहाचे भोंवरे उठतात, त्यांचें क्षेत्र परत वेटोळ्यावर परिणाम करितें, आणि कानांत सूर उमटतो. या कल्पनेचा प्रसिद्ध प्रयोग टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांनीं १८८१ सालीं केला. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांस २ जुलै रोजीं गोळी लागली, ती शरीरांत कोठें आहे हें कळेना. बेल साहेबांनीं असेंच एक यंत्र बनवून त्यांच्या अंगावरून फिरविलें. पण अंथरुणाखालीं पोलादी स्प्रिंगा, आणि डॉक्टरांनीं तपासूं दिली ती उजवी बाजू. गोळी होती डावीकडे. अध्यक्ष १९ सप्टेंबरला वारले. पुढें दुसऱ्या महायुद्धांत पोलंडच्या कोझात्स्की नांवाच्या अधिकाऱ्यानें सुरुंग शोधण्यासाठीं हातांत धरावयाचें यंत्र तयार केलें, आणि १९४२ सालीं एल अलामीनच्या वाळवंटांत तें इंग्रजी सैन्याच्या फार उपयोगी पडलें. आज तेंच हौशी लोकांच्या हातीं आलें आहे.

वाळवंटांतली गोष्ट निराळी आणि दख्खनची निराळी, हें मात्र जाहिरातींत कोणी सांगत नाहीं. आपली काळी जमीन काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली. तिच्यांत लोहाचे चुंबकीय कण मुळांतच पुष्कळ. त्यामुळें यंत्र उगीचच कुरकुर करितें आणि त्याची पोंच कमी होते. एकटें नाणें वीतभर खोल असलें तर सांपडेल. मोठें भांडें त्याहून बरेंच खालीं असलें तरी कळेल. पण पुरुषभर खोल पुरलेल्या हंड्याची बातमी तें देईल अशी आशा धरूं नये. भरींत भर, ज्या आवारांत माणसें दोन-अडीचशें वर्षें नांदलीं तेथें लोखंडास काय तोटा? आमच्या समोर पुतण्यानें दोन प्रहरपर्यंत गोठ्याचें अंगण धुंडाळलें. सूर निघाला कीं खणावयाचें. खिळे निघाले, कडी-कोयंडा निघाला, गंजलेल्या कुलपाचा सांगाडा निघाला आणि बैलांच्या पायांचे नाल तर ओंजळभर निघाले. वाड्याचा म्हातारा गडी ओट्यावर बसून हें पाहत होता. तो शेवटीं म्हणाला, “मालक, हितं तीन पिढ्या बैल बांधले. नालाबिगर दुसरं काय निघंल?” तिसऱ्या प्रहरीं न्हाणीच्या मोरीजवळ एक स्वच्छ सूर निघाला. ते निजामशाहीचें हाली दोन पैंचें नाणें होतें. कोणा मुलाच्या हातून पडलें असेल.

देवघरांत गेल्यावर मात्र आमचें हंसणें थांबलें. तेथें आमच्या आधीं कोणी येऊन गेलें होतें. फरशा उपटलेल्या, मधोमध कमरेएवढा खड्डा, कडेस वाळलेलीं लिंबें, कुंकू आणि काळी बाहुली. यंत्र विकत घेणारा निदान विजेवर विश्वास ठेवितो. हे लोक कशावर ठेवितात? पायाळू मुलाच्या डोळ्यांत अंजन घातलें म्हणजे त्यास भूमिगत धन दिसतें, ही समजूत आपल्या वाचकांनीं आपल्या आजीकडून ऐकली असेल. ती ऐकावयास गोड आहे. पण तिच्या पोटांत काय आहे तें परभणी जिल्ह्यांतील मानवत येथें १९७२ ते १९७४ या काळांत दिसलें. तेथें एकामागून एक मुलींचे व स्त्रियांचे खून झाले, आणि पुरलेलें धन हातीं यावें व मूल व्हावें म्हणून हे बळी दिले गेले असें अभियोगाचें म्हणणें होतें. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं खून झाल्यावर ज्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला, आणि त्याच वर्षीं जो विधिमंडळांत मंजूर झाला, त्यांत गुप्तधनाच्या शोधासाठीं केलेलीं अघोरी कृत्यें मुद्दाम घातलीं आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आमच्या स्नेह्यांनीं देवघरांतल्या खड्ड्याची वर्दी त्याच दिवशीं दिली, हें बरें केलें.

पण समजा, सांपडलेंच धन, तर तें कोणाचें? या प्रश्नावर चारी भावांचीं चार मतें होतीं, आणि एकानेंही कायदा पाहिलेला नव्हता. कायदा १८७८ चा आहे आणि आजही चालू आहे. जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक किंमतीची कोणतीही वस्तु सांपडली कीं ती सांपडणाऱ्यानें जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावी लागते. मग जाहीर नोटीस निघते. शंभर वर्षांच्या आंत आपल्या पूर्वजानें ती पुरली असें कोणी सिद्ध केलें तर ती त्याची; बेवारशी ठरली आणि आपसांत कांहीं ठरलेलें नसलें तर तीन हिस्से सांपडणाऱ्यास व एक हिस्सा जमिनीच्या मालकास. सरकारास ती हवी असल्यास धातूची किंमत व तिच्यावर एक पंचमांश देऊन सरकार ती घेऊं शकतें. लपवून ठेवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तु १९७२ च्या पुरावस्तु कायद्याखालीं येते, ती परदेशीं धाडतां येत नाहीं. आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दींत तर परवानगीवांचून कुदळ लावणें हाच गुन्हा. पुतण्यानें हें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, “म्हणजे काका, दोन पैंच्या नाण्याचाही अर्ज करायचा?” त्याच्या काकांनीं नाणें खिशांत न टाकतां कोनाड्यांत ठेविलें.

त्याच कोनाड्याच्या खालीं आम्हांस जें दिसलें त्याचें आम्हांस हंड्याहून अधिक वाईट वाटलें. रात्रीं येणाऱ्यांनीं एक बळद फोडलें होतें. त्यांत धान्य नव्हतें. लाल कापडाच्या रुमालांत बांधलेलीं मोडी दप्तरें होतीं. त्यांच्या दृष्टीनें तीं कचरा, म्हणून चौकांत भिरकावलीं आणि वर पावसाळा गेला. वरच्या गठ्ठ्यांची लगदी झाली होती. खालच्या तीन रुमालांतील कागद वाचण्याजोगे आहेत. त्यांत जमाखर्च आहेत, बैलांच्या खरेदीचीं टिपणें आहेत, कांहीं फारशी कागदही आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’ याचा पहिला खंड काढला तो वाईस सांपडलेल्या पानिपतच्या काळच्या पत्रांवरूनच. पुढें असेच वाडे धुंडाळीत त्यांनीं बावीस खंडांचा संसार उभा केला. मराठवाड्यांतील वाड्यांस असा धुंडाळणारा फार थोडा लाभला. सेतुमाधवराव पगडी हे जन्मानें जवळच्याच निलंग्याचे. फारशीवर त्यांच्याएवढी सत्ता असलेले अभ्यासक विरळाच. त्यांच्या जन्मगांवाच्या आसपास फारशी कागद चिखलांत पडावे हें आम्हांस फार लागलें. तीन रुमाल आमच्या स्नेह्यांनीं लातुरास नेले. दावा चालू असतां कागद तरी हलवावे कीं नाहीं यावर भावांत पुन्हां पत्रव्यवहार झाला; शेवटीं चौघांच्या सह्यांनीं यादी करून ते हलविले. वीस वर्षांत चौघांच्या सह्या एका कागदावर प्रथमच आल्या.

यंत्रानें चांगलें काम होतच नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. इंग्लंडांत हॉक्सनी गांवीं १६ नोव्हेंबर १९९२ रोजीं एरिक लॉज नांवाचा गृहस्थ आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधावयास यंत्र घेऊन शेतांत गेला आणि त्यास रोमन काळचीं सोन्यारुप्याचीं नाणीं लागलीं. त्यानें थोडीं पाहतांच खणणें थांबविलें आणि वर्दी दिली. म्हणून दुसऱ्या दिवशीं पुराणवस्तुसंशोधकांस सबंध पेटी जशीच्या तशी, आंतल्या मांडणीसह पाहतां आली. सुमारें पंधरा हजार नाणीं ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत, आणि तो हातोडाही तेथेंच आहे. आपल्याकडे दायमाबादेस १९७४ सालीं एका भिल्ल शेतकऱ्यानें झाडाचें खोड खणतांना रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशीं काशाचीं चार वजनदार चित्रें काढलीं. तीं वितळविलीं गेलीं नाहींत म्हणून आज आपणांस ठाऊक आहेत. किती वितळलीं याची मोजदाद कोण करणार?

परततांना वांकडी वाट करून आम्ही तेर येथें उतरलों. गोरोबाकाकांचें तेर तेंच; ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनांत ज्यास तगर म्हटलें आहे तेंही तेंच. तेथील रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनीं आयुष्यभर पांढरीच्या टेंकडांवर, पावसानें माती धुपून उघडें पडे तें वेंचिलें: मणी, मातीच्या मूर्ति, नाणीं, शंखाच्या बांगड्या. कुदळ चालविली नाहीं, विकलें नाहीं. तो संग्रह आतां त्यांच्या नांवाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयांत आहे. पुतण्या बराच वेळ एका लहानशा बाहुलीपाशीं उभा होता. ती हस्तिदंताची असून, तिच्यासारखीच एक इटलींतील पाँपेई शहरांत १९३८ सालीं राखेखालून निघाली. त्यानें यंत्राची पिशवी खांद्यावरून उतरवून खालीं ठेविली आणि विचारलें, “काका, हस्तिदंतावर हें वाजत नाहीं, नाहीं का?” काकांनीं नाहीं म्हणून सांगितलें. बाहेर मोटार उभी होती; लातूरपर्यंत अंधार होण्यापूर्वीं पोंचावयाचें होतें.