घाटावरचा बंगला

बुलढाण्याकडचे इंग्रजी अमदानीतले बंगले आम्हांला देखणे वाटतात, हे म्हणताना जीभ किंचित अडखळते. उंच जोते, खोल व्हरांडा, उतरते छप्पर, भिंतीच्या माथ्याशी उष्ण हवेला वाट देणारे झरोके. (बंगला मूळचा बंगालातल्या झोपडीचा, साहेबाने तो ऐसपैस केला.) १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत कंपनीकडे सोपवला आणि अजिंठ्याच्या डोंगरावरची ही थंड हवा अंमलदारांना मानवली. खाली पायनघाटात, खामगावच्या बाजारात, कापूस उन्हात तोलला जाई. १८७० साली तेथवर रेल्वेचा फाटा गेला. साहेबाचा पंखा ओढणारा बहुधा व्हरांड्यातच बसे. असे बंगले पाडू नयेत, हेच आमचे मत. मात्र पाहुण्याला आधी व्हरांड्यात बसवावे, दिवाणखाना नंतर दाखवावा.