डावे पाऊल

स्पेनच्या मायोर्का बेटावर मानाकोर नावाचे एक गाव आहे. लाकडी सामान आणि कृत्रिम मोती यांच्या व्यवसायासाठी ते पूर्वीपासून ओळखले जाते. १८ मे २०२३ रोजी या गावातील आपल्याच टेनिस अकादमीत राफाएल नादाल पत्रकारांसमोर बसला होता. पंधरा दिवसांनी त्याला सदतीस वर्षे पूर्ण होणार होती. २००५ पासून एकही वर्ष न चुकवलेल्या पॅरिसच्या फ्रेंच स्पर्धेत आपण या वर्षी उतरू शकणार नाही, हे त्याने शांतपणे सांगितले. चार महिन्यांपूर्वी मेलबर्नला दुखावलेला नितंबाजवळचा स्नायू भरून येत नव्हता. काही महिने सरावही बंद ठेवावा लागणार होता आणि पुढचे वर्ष बहुधा अखेरचे ठरणार होते. एवढे सांगून झाल्यावर, आपली कारकीर्द अशी पत्रकारांसमोरच्या खुर्चीत संपू नये, ती मैदानावर संपावी, असेही तो बोलून गेला.

ऐकणाऱ्या जगाला धक्का बसला. नादाल कुटुंबाला मात्र तो तितकासा बसला नसावा, कारण असा निरोप त्या घराला पहिल्यांदा मिळाला तेव्हा मुलगा अवघा एकोणीस वर्षांचा होता.

हे घर समजून घेणे आवश्यक आहे, आणि व्यापारी कुटुंबातील वाचकाला ते चटकन समजेल. मानाकोरच्या चर्चशेजारच्या एका पाच मजली इमारतीत आजी-आजोबा, काका, आत्या असे सारे नादाल एकत्र राहत. मजले वेगळे, पण दारे एकमेकांसाठी उघडी. वडील सेबास्तियान यांचा काचेचा व्यवसाय होता. बेटावर पर्यटन वाढले, हॉटेले उभी राहिली, तशी दारे-खिडक्यांच्या काचांची मागणी वाढत गेली. त्यांचे धाकटे बंधू टोनी हे गावातील टेनिस क्लबमध्ये मुलांना शिकवत. पुतण्याच्या हातातील गुण त्यांनीच ओळखले. पुढे दोघा भावांमध्ये एक व्यवस्था ठरली. काचेच्या व्यवसायात टोनी निम्मे भागीदार राहतील, परंतु काम सेबास्तियान पाहतील. टोनींनी आपला सारा वेळ राफाएलला द्यावा. पुतण्याकडून काकांनी मानधन म्हणून काही घेतले नाही. त्यामुळे शिकवताना कुणाची भीड बाळगण्याचे कारणही त्यांना उरले नाही. आपल्याकडे धाकट्या भावाचा वाटा शाबूत ठेवून त्याला सार्वजनिक कामासाठी मोकळे करणारी घराणी होऊन गेली. त्यांना या व्यवस्थेत नवल वाटणार नाही.

टोनींची शिस्त कडक होती. सरावानंतर मैदान झाडण्याचे काम पुतण्याकडे असे. रागाने रॅकेट आपटशील तर त्या दिवसापासून शिकवणे बंद, असा त्यांचा दम होता. रॅकेट विकत घेऊ न शकणारी मुले जगात आहेत, हे त्यामागचे कारण. वीस वर्षांहून अधिक काळ व्यावसायिक टेनिस खेळून नादालने मैदानावर एकदाही रॅकेट तोडली नाही. या खेळात ही गोष्ट वाटते तितकी सामान्य नाही.

आता त्या २००५ सालाकडे. जूनमध्ये पहिल्याच प्रयत्नात त्याने फ्रेंच स्पर्धा जिंकली. ऑक्टोबरमध्ये माद्रिदला अंतिम सामन्यात पहिले दोन सेट गमावल्यानंतर त्याने इव्हान ल्युबिचिचला पाच सेटमध्ये हरवले. त्या रात्री डावा पाय दुखू लागला आणि पुढे त्यावर उभे राहणेही कठीण झाले. तपासण्यांवर तपासण्या झाल्या. अखेर माद्रिदच्या एका तज्ज्ञाने दोष शोधून काढला. पावलाच्या मधल्या भागात नावेच्या आकाराचे एक लहान हाड असते. धावताना आणि वळताना शरीराचा भार त्याच्यावर येतो. नादालचे हे हाड लहानपणी जसे टणक व्हायला हवे तसे झालेले नव्हते. म्युलर-वाइस या नावाने हा दुर्मीळ विकार ओळखला जातो. कदाचित पुन्हा स्पर्धात्मक टेनिस खेळता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

मुलगा खचला. वडिलांनी धीर दिला. टेनिस नाही तर गोल्फ आहे, असेही सुचवून पाहिले. तो काळ नादालने पुढे आत्मचरित्रात सांगितला आहे. कुबड्यांवर चालण्याच्या त्या दिवसांत तो मैदानावर एका खुर्चीत बसून चेंडू मारत असे. पाय चालत नव्हता, हात तरी विसरू नये, एवढाच हेतू. पुढे जे काही झाले त्या सगळ्यापेक्षा हे चित्र अधिक बोलके आहे. त्या खुर्चीत बसलेल्या मुलाच्या नावावर तेव्हा एकच मोठे विजेतेपद होते, आणि ते शेवटचे ठरण्याची पूर्ण शक्यता होती.

उपाय निघाला तो बुटातून. पावलाखाली खास तयार केलेला तळवा बसवण्यात आला. त्या हाडावरचा भार त्यामुळे दुसरीकडे सरकला. पण सरकलेला भार नाहीसा होत नाही. तो गुडघ्यांवर आणि पाठीवर गेला. पुढल्या वर्षांत गुडघ्यांनी त्याला वारंवार घरी बसवले, त्याचे मूळ बहुतांशी इथे आहे. कारखान्यातील यंत्राचा घसारा दरवर्षी वहीत लिहिला जातो. या मुलाच्या शरीराचा घसारा विसाव्या वर्षाआधीच लिहायला सुरुवात झाली होती. फेब्रुवारी २००६ मध्ये तो मैदानावर परतला आणि जूनमध्ये पॅरिसला पुन्हा जिंकला.

विजयांची यादी येथे देण्याचे प्रयोजन नाही. बावीस ग्रँड स्लॅम विजेतेपदे, त्यांपैकी चौदा एकट्या पॅरिसची. तिथे खेळलेल्या ११६ सामन्यांपैकी ११२ विजय. जैन घरात बावीस म्हटले की परीषह आठवतात आणि त्यांत रोग हाही एक परीषह आहे. योगायोग आहे, त्यापलीकडे त्यात अर्थ शोधू नये. मुनी रोग समतेने सोसतात ते कर्मनिर्जरेसाठी. खेळाडू सोसतो तो पुन्हा खेळता यावे म्हणून. सोसण्याची तऱ्हा कधी सारखी दिसली तरी हेतू सारखा होत नाही. हा भेद २०२२ साली फार स्पष्टपणे समोर आला.

त्या वर्षाच्या सुरुवातीला, दीर्घ विश्रांतीनंतर परतलेल्या नादालने मेलबर्नला अंतिम सामन्यात दोन सेट मागे पडूनही दानिल मेदवेदेवला पाच तास चोवीस मिनिटांत हरवले. मे महिन्यात रोमला तेच डावे पाऊल पुन्हा उफाळून आले. आपण आज जखमी झालेलो नाही, आपण जखमेसह जगणारा खेळाडू आहोत, अशा अर्थाचे त्याने तिथे सांगितले. पॅरिसमध्ये प्रत्येक सामन्यापूर्वी पावलाच्या मज्जातंतूंना बधिर करणारी इंजेक्शने घेऊन तो खेळला. पायाची संवेदना हरवलेली असताना त्याने चौदावे विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात कॅस्पर रूडला शेवटच्या सेटमध्ये एकही गेम मिळाला नाही.

लोकांनी जयजयकार केला. परंतु या विजयाकडे निखळ कौतुकाने पाहता येत नाही, हेही नमूद केले पाहिजे. वेदना ही शरीराने दिलेली सूचना असते, आणि ती ऐकू येऊ नये अशी व्यवस्था करून मिळवलेले यश हे सहनशीलतेचे उदाहरण म्हणून मुलांपुढे ठेवताना हात थोडा अडखळतो. समाधान एवढेच की ही अडचण खुद्द नादालला पटलेली होती. पाय बधिर करून खेळत राहण्याची आपली इच्छा नाही, असे त्याने जिंकल्यानंतर लगेच सांगून टाकले. दुसरा उपचार करून पाहू, तो लागू पडला तर खेळू, अशी त्याची भूमिका होती.

त्याच स्पर्धेतील एक प्रसंग अनेकांच्या डोळ्यांसमोर अजून असेल. तारीख ३ जून, नादालचा छत्तिसावा वाढदिवस. उपांत्य सामना तीन तासांहून अधिक चालला होता आणि दुसरा सेटही अजून संपलेला नव्हता. चेंडूमागे धावताना समोरच्या अलेक्झांडर झ्वेरेवचा घोटा मुरगळून अस्थिबंध फाटले. तो किंचाळत लाल मातीत कोसळला. त्याला चाकाच्या खुर्चीवरून आत नेले आणि थोड्या वेळाने तो कुबड्या घेऊन, सामना सोडतो हे सांगण्यासाठी परत आला. नादाल त्याच्या शेजारून चालत होता. त्याला अंतिम फेरी मिळाली होती. चेहऱ्यावर तिचा मागमूस नव्हता. सतरा वर्षांपूर्वी आपण स्वतः कुबड्यांवर होतो, हे त्याला त्या वेळी आठवले की नाही, कोण सांगणार?

महिनाभराने विम्बल्डनला उपांत्यपूर्व सामना सुरू असताना त्याच्या पोटाचा स्नायू फाटला. सर्व्हिस करणे अवघड झाले. प्रेक्षकांत बसलेले वडील आणि बहीण हाताच्या खुणांनी सांगत होते, पुरे, सोड. टेलिव्हिजनच्या पडद्यावर ते स्पष्ट दिसत होते. ज्या बापाने एकेकाळी भावाला व्यवसायातून मोकळे करून मुलाला या मार्गाला लावले, तोच आता मुलाला थांब म्हणत होता. मुलाने ऐकले नाही. चार तासांहून अधिक वेळ खेळून त्याने टेलर फ्रिट्झला पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरवले. दुसऱ्या दिवशी मात्र तपासणीचा अहवाल हाती घेऊन त्याने उपांत्य सामन्यातून माघार घेतली. वर्षातील पहिल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकलेल्या माणसाला तिसरी खुणावत असताना ही माघार होती. बापाचे म्हणणे त्याने मानले, पण एक दिवस उशिरा. वयात आलेल्या मुलांच्या कोणत्या बापाला हा अनुभव नाही!

मग जानेवारी २०२३, मेलबर्न, दुसऱ्या फेरीतच नितंबाजवळची ती दुखापत. पत्नीचे पाणावलेले डोळे कॅमेऱ्याने टिपले. सामना न सोडता तो पूर्ण हरला. मेमध्ये मानाकोरची ती पत्रकार परिषद आणि जूनच्या आरंभी बार्सिलोनात शस्त्रक्रिया.

खेळाडू मैदानाबाहेर बसतो तेव्हा त्याचे काय उरते, याचे उत्तर त्याच्या गावाला काही वर्षे आधीच मिळाले होते. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये गुडघ्यामुळे अमेरिकन स्पर्धेचा उपांत्य सामना सोडून तो घरी आला होता. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या सांत लोरेन्स गावात अकस्मात पूर आला आणि अनेकांचे प्राण गेले. दुसऱ्या दिवशी पायात रबरी बूट आणि हातात झाडू घेऊन तो घराघरातील चिखल काढणाऱ्या लोकांत होता. बेघर झालेल्यांसाठी त्याने अकादमीची दारे उघडली. लहानपणी टोनीकाकांनी हातात दिलेला झाडू असा उपयोगी पडला.

दुसरे उत्तर आपल्या देशात आहे. नादालची आई आना मारिया जिचे काम पाहते, त्या संस्थेने २०१० मध्ये आंध्र प्रदेशातील अनंतपूर येथे गरीब मुलामुलींसाठी टेनिस शाळा सुरू केली. उद्घाटनाला मायलेक दोघेही आले होते. तिथे टेनिसच्या जोडीला इंग्रजी आणि संगणक शिकवतात, पोषणाकडे लक्ष देतात. अनंतपूरच निवडले जाण्यामागे तेथील व्हिसेंट फेरर यांचे कार्य होते. हे तेच स्पॅनिश फादर फेरर, ज्यांनी त्याआधी आपल्या मनमाड परिसरात शेतकऱ्यांना विहिरी खणण्यास साह्य केले आणि ज्यांना १९६८ मध्ये तेथून जावे लागले. त्यांच्या बाजूने हजारो शेतकरी तेव्हा रस्त्यावर उतरले होते. मनमाडने ज्यांना गमावले, त्यांना अनंतपूरने ठेवून घेतले; पुढे त्यांच्याच कामाच्या आधाराने मायोर्काच्या एका काच व्यापाऱ्याच्या घरातील रॅकेट रायलसीमेच्या मुलांच्या हाती पोहोचली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मालागाला डेव्हिस चषकात नादाल शेवटचा सामना खेळला. नेदरलँड्सच्या बोटिक व्हॅन डे झँडशुल्पकडून सरळ दोन सेटमध्ये हरला. याच स्पर्धेतील पहिला एकेरी सामना तो २००४ मध्ये हरला होता आणि मधले सलग एकोणतीस जिंकला होता. पहिला हरलो, शेवटचाही हरलो, वर्तुळ पूर्ण झाले, असे तो हसून म्हणाला. मायोर्कातील एका लहान गावातला चांगला माणूस म्हणून लोकांनी आठवण ठेवावी, एवढीच अपेक्षा त्याने त्या रात्री व्यक्त केली. दीड वर्षापूर्वी मागितलेला शेवट त्याला मिळाला होता. पत्रकारांसमोरच्या खुर्चीत नाही, मैदानावर. पराभवाचा, पण उभ्याने.

२५ मे २०२५ रोजी पॅरिसच्या मुख्य मैदानावर त्याचा सत्कार झाला. फेडरर, जोकोविच आणि मरे, आयुष्यभराचे तिन्ही प्रतिस्पर्धी, स्वतःहून तिथे आले. प्रेक्षकांनी लाल मातीच्या रंगाचे सदरे घातले होते. मैदानाच्या कडेला एक पाटी कायमची बसवण्यात आली आणि तिच्यावरचे आच्छादन दूर झाले. शिखरजीची यात्रा करून आलेल्यांना दगडावरील चरण अपरिचित नाहीत. तिथली वंदना वेगळी आणि इथला गौरव वेगळा, तुलनेचा प्रश्नच नाही. त्या पाटीवर त्याचे नाव होते, चौदा हा आकडा होता आणि एका पावलाचा ठसा होता.